अर्जातलं इस्पितळ

दार-ए-सलाम
१६ फेब्रुवारी १९९७

मालूताई,

आधी आईला माझा नमस्कार सांग, उरला तो तू घे. भावजींची शिफ्ट बदलली का? तुझं पत्र यायला बावीस दिवस लागले.

मी मजेत आहे. ऑफिस समुद्राकडे तोंड करून आहे, माझ्या टेबलावर तीन कम्प्युटर आहेत आणि दिवसभर एसी चालू असतो. शहराच्या उत्तरेला मिठागरं आहेत. पहिल्यांदा गाडीतून दिसली तेव्हा मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. बांध आपल्यासारखेच, ढीगही तसेच. ड्रायव्हरला वाटलं मला उलटी होतेय.

मी नक्की काय काम करतो ते आईला सांगता येत नाही असं तू लिहिलंस. तू टेलिफोनवाली, तुला लगेच कळेल. इंटरनेटवर येणाऱ्या प्रत्येक कम्प्युटरला एक नंबर लागतो. तोच त्याचा पत्ता. एकाचा नंबर दुसऱ्याला लागू झाला की दोघांचाही घोटाळा, म्हणून कुणाला तरी ते मोजूनमापून वाटावे लागतात. अख्ख्या आफ्रिकेत असे पत्ते वाटणारी कचेरी अजून नाही. इथल्या लोकांना अमेरिकेकडे अर्ज करावा लागतो. किती कम्प्युटर आहेत, वर्षभरात किती होतील, कुठल्या कुठल्या संस्थेत, सगळं लिहून द्यायचं. कंपनीतर्फे ते अर्ज मी भरतो.

शिवाय मी शिकवतो. सात जण आहेत, एक मलावीचा, एक युगांडाचा, बाकी इथलेच. मला ‘म्वालिमू’ म्हणतात, म्हणजे गुरुजी. एका मिशनच्या इस्पितळात काम करणारी नीमा म्हणून मुलगी आहे, ती सगळ्यांत तयार. पुढेमागे आफ्रिकेची स्वतःची कचेरी व्हावी अशी बोलणी चालली आहेत. ती चालवायला माणसं लागतील, ती आत्तापासून घडवायला हवीत.

कंपनीचे मालक, शेठ, माझ्यावर खूश आहेत. चैत्रात यायला जमेलसं वाटत नाही, काम फार आहे. काळजी करू नका.

हरेश

---

रोहा
१४ मार्च १९९७

हरेश,

तुझं पत्र मी गावी जाऊन आईला दोनदा वाचून दाखवलं. पत्ते वाटायच्या कचेरीचं तिला पटलं. म्हणाली, पोस्टमनचा साहेब झालाय म्हण की.

आमच्याकडेही बदल झालाय. हाताने लाइन जोडायचा बोर्ड बंद झाला. सोळा वर्षं त्या बोर्डासमोर बसून लोकांना दुबई-मस्कत जोडून दिलं, आता सगळं यंत्र करतं. मला तक्रारीच्या टेबलावर बसवलंय. ज्यांचा फोन बंद आहे ते शेजाऱ्याच्या फोनवरून माझ्याशी भांडतात.

एक आनंदाची गोष्ट. तुझ्या कंपनीच्या मुंबई ऑफिसातले एक गृहस्थ गेल्या महिन्यात गावी येऊन गेले. आईला साडी दिली, मिठाईचा पुडा दिला, तुझी तारीफ केली. एका कागदावर आईची सही घेतली. तू नीट आहेस हे घरच्यांना कळवल्याची पोच असावी. ‘वाचून घ्या मावशी’ असंही म्हणाले. एवढी रीतभात हल्ली कुठे असते. आईने कागद डोळ्यांसमोर धरला, सावकाश खालपर्यंत पाहिला आणि सही केली. शेजारची मैना तिथेच होती, तिनेच मला सगळं सांगितलं.

एक विचारायचं राहिलं. तुझं पाकीट एकदा उघडून पुन्हा डकवल्यासारखं दिसलं. तूच काही टाकायचं विसरला होतास का?

मालू

---

दार-ए-सलाम
१९ जून १९९७

मालूताई,

हे पत्र मुरूडच्या हसनमियाँच्या हातून येतंय. ते जहाजावर स्वयंपाकी आहेत. मुंबईला उतरले की टपालात टाकतील. आता जे लिहितो ते आईला वाचून दाखवू नकोस.

पाकिटाचं तू बरोबर ओळखलंस. ऑफिसातून जाणारी-येणारी माझी पत्रं आधी मॅनेजर वाचतो. तो मुंबईत वाढलाय, त्याला मराठी येतं. तुझं ते वाक्य वाचून त्याने मला बोलावलं आणि हसून म्हणाला, ‘बहीण हुशार आहे तुझी.’ मजेत आहे वगैरे जे मी लिहीत होतो ते त्याच्यासाठी होतं.

आलो त्याच दिवशी नोंदणीसाठी म्हणून माझा पासपोर्ट घेतला. तो शेठच्या तिजोरीत आहे. मी दोनदा मागितला. दुसऱ्यांदा शेठने दार लावून घेतलं आणि मला इथे काय कमी आहे असं विचारलं. आवाज चढवला नाही. त्या दिवसापासून मी कुठेही निघालो की ड्रायव्हर बरोबर असतो. खोली ऑफिसच्या आवारातच आहे. फाटकाची किल्ली पहारेकऱ्याकडे.

पण खरं सांगायचं आहे ते हे नाही.

डिसेंबरात शेठने मला एक मोठा अर्ज भरायला सांगितला. सोळा हजार पत्ते. आमच्याकडे तेव्हा चारशे कम्प्युटरसुद्धा नव्हते. मी म्हटलं, एवढे मिळणार नाहीत, ते नावं विचारतील. शेठने एक यादी पुढे केली. कॉलेजं, बँका, इस्पितळं. सगळी खरी, पण त्यांतलं एकही आमचं गिऱ्हाईक नव्हतं. ‘उद्या होतील,’ शेठ म्हणाला. मी भरला. जबाबदार माणूस म्हणून खाली माझं नाव घातलं. पत्ते मिळाले.

शेठचा हिशेब असा की पत्ते त्याच्याकडे, म्हणजे सगळ्यांना त्याच्याकडे यावं लागणार. आणि त्याचे पत्ते एकदा घेतले की त्याची लाइन सोडता येत नाही. सोडली तर पत्ते जातात आणि सगळे कम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागतात. मला त्याने बजावलंय, पोरांना शिकव, पण बिघाड झाला की आपल्यालाच फोन करतील एवढंच शिकव.

एप्रिलात नीमा एक कागद घेऊन आली. तिच्या इस्पितळाला सहा खेड्यांतले दवाखाने जोडायचे आहेत. रक्ताचे रिपोर्ट यायला तिथे आठ-आठ दिवस लागतात. तिने मी शिकवल्याप्रमाणे स्वतः अर्ज भरून अमेरिकेला पाठवला होता. तो परत आला. त्यांनी कळवलं होतं की या इस्पितळाची गरज आधीच्या एका अर्जात धरलेली आहे, म्हणून वेगळे पत्ते मिळणार नाहीत. तो अर्ज कुणाचा ते लिहिलं नव्हतं. तो माझाच होता.

ती म्हणाली, ‘म्वालिमू, माझं कुठे चुकलं ते दाखवा.’

मी तो अर्ज ओळीओळीने वाचला. एक चूक नव्हती. मी सांगितलं, ‘पुन्हा भरून बघ.’ तिने वहीत लिहून घेतलं, पुन्हा भरणे.

उत्तर कंपनीच्या पत्त्यावर पाठवू नकोस. खाली इस्पितळाचा पत्ता आहे, नीमाच्या नावाने पाठव. ती आणून देईल. तिला मराठी येत नाही हे एक बरं आहे.

हरेश

---

रोहा
२४ जुलै १९९७

हरेश,

तुझं पत्र वाचून मी रजा टाकली आणि रोहा-दिवा गाडीने पेणला उतरून तडक गावी गेले. तो कागद मला बघायचा होता. त्याची कार्बन कॉपी आईने देवाच्या फळीवर ठेवली होती, वर हळदकुंकू वाहून.

कागद इंग्रजीत आहे. मी तिथेच उभ्या उभ्या वाचला. त्यात लिहिलंय की माझा मुलगा परदेशात एकटा असल्याने त्याचा पासपोर्ट पाच वर्षं कंपनीने स्वतःजवळ सुरक्षित ठेवावा अशी मी, त्याची आई, विनंती करते. खाली काशीबाई, असं तिचं ते काढलेलं नाव.

तू कुठेही दाद मागितलीस तरी ते हा कागद दाखवतील. तुला कोंडून ठेवा असं तुझ्याच आईने सांगितलंय.

मी तिला विचारलं, आई, यात काय लिहिलंय ते तुला माहीत होतं? म्हणाली, ‘व्हय, वाचला मी. बरोबर हाय सगला.’ आणि भात बघायला आत गेली. तुला तिचा स्वभाव माहीत आहे. स्टँडवर बोर्ड वाचायचा असला की चष्मा विसरला म्हणते. तिला आयुष्यात कधी चष्मा नव्हता. बाबांनी तिला नाव काढायला शिकवलं आणि त्या एका सहीवर तिने चाळीस वर्षं गावात मान राखला.

आता तुझं. मी तुला रागावणार होते, पण प्रवासात राग गेला. नागोठण्याकडच्या लाइनी सध्या पुराच्या पाण्यात आहेत. दिवसाला शंभर जण विचारतात, फोन कधी सुरू होईल. आधी मी म्हणायची, काम चालू आहे. आता मी सांगते, या आठवड्यात होणार नाही. माणूस चिडतो, पण मग दुसरी काही सोय बघायला लागतो. त्या मुलीला तू पुन्हा भरून बघ म्हणालास. ती अजून भरत बसली असेल.

अर्जावर नाव तुझं आहे ना? मग तो चुकीचा होता असं सांगायचा हक्कही तुझाच. शेठच्या हातात पासपोर्ट आहे, तुझं नाव नाही.

मालू

---

दार-ए-सलाम
२ ऑक्टोबर १९९७

ताई,

रोह्यात बसून असं लिहिणं सोपं आहे. मी अमेरिकेला कळवलं तर ते पत्ते काढून घेतील. आज त्यांवर खरी चाळीस गिऱ्हाइकं चालतात, त्यात एक शाळा आहे. ती बंद पडली तर त्याचं काय? आणि माझं काय? पासपोर्ट नाही, नोकरी नाही, फाटकाबाहेर ओळखीचं माणूस नाही.

आईने सही केली नसती तर मी केव्हाच निघालो असतो. तिला लाज वाटली म्हणून मी इथे अडकलो. हे तिला सांगितलंस तरी चालेल.

तुझी पत्रं नीमा आणून देते आणि दारात उभी राहते. कुणाची आहेत, काय लिहिलंय, काही विचारत नाही. यापुढे कमी पत्रं पाठव.

हरेश

---

रोहा
२० नोव्हेंबर १९९७

हरेश,

तू कमी पाठव म्हणालास, पण हे पाठवणं भाग आहे.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवणार नव्हते. दिवाळीला ती रोह्याला आली होती. पत्र माझ्या पर्समध्ये होतं. तिने पाकीट ओळखलं, तिकिटावरून. वाच म्हणाली. मी काहीबाही बनवून वाचायला लागले. थोडं ऐकून म्हणाली, ‘मालू, तू अडखलतेस गो. लिवलंय तसं वाच.’

मी वाचलं. लाज वाटली म्हणून अडकलो, तेही. जेवली, भांडी घासली, दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परत गेली. मला वाटलं रुसली.

चार दिवसांनी नाथामामाचा फोन आला. आई त्याला घेऊन पेणला मामलेदार कचेरीत गेली होती. तिथे बाकावर आपल्या गावचीच सहा-सात माणसं सातबाऱ्यासाठी बसलेली. कारकुनाने मोठ्याने विचारलं, काय लिहायचं आजी? आणि आईने त्या सगळ्यांसमोर सांगितलं की मला लिहिता-वाचता येत नाही, कधीच येत नव्हतं, नाव तेवढं काढता येतं, आणि न वाचता मी वाचलं म्हणाले. मामा म्हणतो, कारकून लिहायचा थांबला तरी ती सांगतच होती. खाली सही कर म्हटल्यावर तिने अंगठा पुढे केला. सही येते ना, मामाने विचारलं. म्हणाली, ‘आता नको.’

वकिलाकडून त्याचं इंग्रजी करून घेतलं. एक प्रत तिथल्या आपल्या वकिलातीला पाठवली आहे, एक सोबत जोडली आहे. आधीचा कागद मी रद्द करते, मुलाचा पासपोर्ट मुलाच्या हातात द्यावा, असं त्यात आहे.

तुला काय करायचं ते तू ठरव. मी आता काही सांगणार नाही.

मालू

---

रोहा
९ मार्च १९९८

हरेश,

हे तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींचं उत्तर नाही. मी कंपनीत ट्रंककॉल लावला. असा कुणी माणूस इथे नाही म्हणून त्यांनी ठेवून दिला. आई रोज विचारत नाही, पण मी घरी गेले की माझ्या पिशवीकडे बघते. नुसतं जिवंत आहे एवढं लिही.

मालू

---

दार-ए-सलाम
३ मे १९९८

मालूताई, आणि आई,

या वेळी दोघींना एकत्र लिहितो. ताई, आहे तसं वाच.

जानेवारीत आईचं प्रतिज्ञापत्र मिळालं. नीमा नेहमीसारखी दारात उभी होती. मी ते वाचलं आणि मग तिला आत बसवून सगळं सांगितलं. यादी, इस्पितळाचं नाव, माझं नाव. तुझा अर्ज बरोबर होता, खोटा माझा होता. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘मग मी तीनदा का भरला?’ ती निघून गेली. त्या दिवशी तिने म्वालिमू म्हटलं नाही.

दुपारी चारला, ऑफिसात सगळे असताना, मी टेबलावर बसून अमेरिकेला लिहिलं. कुठली गिऱ्हाइकं खरी, कुठली नाहीत, अर्ज मीच भरला, जाणूनबुजून भरला. अकरा ओळी झाल्या. खाली पुरावा म्हणून खऱ्या गिऱ्हाइकांची यादी जोडली. पाठवल्यावर मी शेठच्या खोलीत जाऊन त्यालाही सांगितलं. मला वाटलं होतं तो ओरडेल. त्याने फक्त मॅनेजरला फोन केला.

संध्याकाळी पोलीस आले. कंपनीची कागदपत्रं चोरून बाहेर दिली अशी तक्रार होती. मी नऊ दिवस कोठडीत होतो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, आई ऐकतेय. दहाव्या दिवशी इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई जामीन राहिल्या. त्यांना नीमा घेऊन आली होती.

वकिलातीतल्या माणसाने आईचा कागद दाखवून शेठकडून पासपोर्ट काढून घेतला. पण खटला चालू आहे, म्हणून तो आता कोर्टात जमा आहे. तिजोरीतून निघाला आणि कपाटात गेला. मला देश सोडता येत नाही. दर सोमवारी चौकीत सही करावी लागते. शहराबाहेर जायचं तर परवानगी. इस्पितळाच्या आवारात मला एक खोली दिली आहे.

पत्त्यांचं सांगायचं तर मी भ्यालो होतो तसं झालं नाही. अमेरिकेने न वापरलेले काढून घेतले आणि चालू होते ते राहू दिले. शाळा बंद पडली नाही. फेब्रुवारीअखेर नीमाचा जुनाच अर्ज मंजूर झाला. सहापैकी चार दवाखाने जोडून झाले. मी तिच्या हाताखाली काम करतो.

इतके दिवस लिहिलं नाही कारण काय लिहावं कळत नव्हतं. सुटलो असं लिहिता येत नव्हतं.

आई, ऑक्टोबरातलं माझं पत्र तू ऐकलंस. ते मी परत घेतो.

हरेश

---

रोहा
२८ मे १९९८

हरेश,

पत्र वाचलं. कोठडीशी आले तेव्हा आई म्हणाली, ‘नऊ दिवस काय खाल्लं त्याने?’ ते तू लिहिलेलं नाहीस, कळव. ऑक्टोबरच्या पत्राचं तिने ऐकलं आणि म्हणाली, पोरगा घुसमटला होता, कुणावर तरी ओरडणारच.

खटला किती चालेल ते तिने विचारलं. मी खरं सांगितलं, माहीत नाही.

मालू

---

दार-ए-सलाम
३० ऑगस्ट १९९८

मालूताई,

कोठडीत उकडलेले राजमे आणि मक्याचं घट्ट पिठलं देत असत. आईला सांग, पोट भरायचं.

तारीख पडली होती, पुढे ढकलली. आता नोव्हेंबर. शेठचा वकील येत नाही. माणूस तसाच लोंबकळत राहावा हेच त्यांना हवंय. कधी कधी वाटतं, खोटं बोलून फाटकाच्या आत होतो, खरं बोलून फाटक तेवढं मोठं झालं. वाईट दिवस असला की हाच विचार डोक्यात फिरतो.

पण एक गोष्ट घडली ती तुला सांगायची आहे. जुलैत नैरोबीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण झालं. चौदा देशांतून चाळीस माणसं आली होती, पत्ते कसे मागायचे, कसे वाटायचे, नोंद कशी ठेवायची हे शिकायला. शिकवायला मला बोलावलं होतं. कोर्टाने परवानगी दिली नाही. मी माझ्या जागी नीमाचं नाव कळवलं.

जायच्या आधी ती खोलीवर आली. अर्ज कसा भरू नये हे शिकवायला तिला नमुना हवा होता. माझा सोळा हजारांचा अर्ज तिने मागितला. म्हणाली, ‘नाव झाकून दाखवीन.’

मी म्हटलं, ‘झाकू नकोस. नाव झाकलं तर त्यांना वाटेल की हा अर्ज कुणी भरलाच नव्हता.’

ती गेली. परत आल्यावर तिने सगळं सांगितलं. तिने माझा अर्ज भिंतीवर मोठा करून दाखवला, इस्पितळाच्या नावावर बोट ठेवलं आणि सहा दवाखान्यांत वर्षभर काय झालं ते एकेक करून सांगितलं. मग अकरा ओळींचं पत्र दाखवलं. मागच्या रांगेत एक प्रौढ माणूस बसला होता. तो उठला आणि म्हणाला, ‘मी दोन वर्षांपूर्वी असाच अर्ज भरलाय. परत कसा घेतात?’ नीमाने त्याला माझा पत्ता लिहून दिला.

परवा त्याचं पत्र आलं. खाली नाव नाही, देशही लिहिलेला नाही, उत्तरासाठी नैरोबीतल्या एका टपालपेटीचा नंबर तेवढा आहे. अर्ज कसा मागे घ्यायचा ते आता त्याला कळलंय. त्याने दुसरंच विचारलंय. ते अकरा ओळींचं पत्र पाठवल्यावर तुमचं काय झालं, आणि तुम्ही आता कुठे आहात.

दोन दिवस मी उत्तर टाळलं. कोठडी, कोर्ट, सोमवारची सही, हे सगळं लिहिलं तर तो लिहायचाच नाही. आणि गाळलं तर मी पुन्हा एक खोटा अर्ज भरला.

उद्या सोमवार आहे. चौकीत सही करून येईन आणि लिहायला बसेन. सगळं लिहिणार आहे, नऊ दिवसही. पाठीमागच्या पत्त्यात माझं पूर्ण नाव घालीन. मग त्याने काय करायचं ते तो ठरवील.

हरेश